त्रेचाळीस त्रुटींसह विकणे आहे

हाती घेतलेलं काम तडीस न्यावं, आणि ते तडीस गेलं की त्यातून मन अलगद काढून घ्यावं. जगात हे दोन्ही ज्याला जमलं तोच खरा सुखी, असं निरीक्षकांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी एका सकाळी स्वयंपाकघरात, मोटारीच्या चाकाची चकचकीत टोपी सिंकमध्ये धरून ती फडक्याने घासत असताना मांडलं.

"मन सावकाश काढा," त्यांची बायको म्हणाली. "आधी ते ताट सिंकमधून काढा. मला भांडी घासायचीत."

"ताट नाही. व्हीलकॅप आहे ती."

"अकरा वर्षं माझ्या सिंकमध्ये येतंय. ताटच ते."

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. आता निवृत्त. एकतीस वर्षं त्यांनी गावभरच्या दुकानांतले तराजू तपासले, आणि तराजूशी त्यांचं इतकं मेतकूट जमलं, की घरात कोणी "वाटीभर साखर द्या" म्हटलं तरी ते "कुठली वाटी?" असं विचारत. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर 'निरीक्षकसाहेब' म्हणत आणि पाठीमागे 'काटा'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या नावाचा मनातून थोडा अभिमानच होता.

आणि मोटार म्हणजे अमेरिकन मोटार. सन एकोणीसशे सदतीस. म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती आणि अमेरिकेतल्या श्रीमंतांना मोटारीच्या लांबीखेरीज दुसरी काळजी नव्हती, तेव्हाची. ती निरीक्षकांकडे कशी आली हे सांगायचं तर त्यांच्या मामांपासून सुरुवात करावी लागेल, आणि मामांपासून सुरू केलेली कुठलीही गोष्ट त्या घराण्यात आजवर संपलेली नाही. तेव्हा एवढंच सांगतो, की आली तेव्हा ती हिरवी, गंजलेली आणि मुकी होती, आणि अकरा वर्षांनंतर काळी, झळझळीत आणि बऱ्यापैकी बोलकी झाली होती. आठ सिलिंडर. चार दारं, प्रत्येक दार एखाद्या तिजोरीसारखं जड. मागे सोफ्यासारखी बैठक. ड्रायव्हर आणि मालक यांच्यामध्ये सरकती काच, मालकाच्या घरच्या गोष्टी ड्रायव्हरच्या कानी पडू नयेत म्हणून. मूळच्या कारखान्याच्या पुस्तकात दारांच्या आत लोकरी नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचे, चार थर लिहिलेले होते, म्हणून निरीक्षकांनी चारच घातले. तीन घालून कोणाला कळलं नसतं. पण निरीक्षकांना कळलं असतं, आणि तेवढ्यासाठी त्यांनी एक अख्खा पावसाळा दारं उघडी टाकून नमदा कापला.

तर अशी ही मोटार विकायची वेळ आली ती व्हायोलिनमुळे.

बायको व्हायोलिन शिकवायची. वीस वर्षं शिकवत होती. सध्या नऊ विद्यार्थी होते: दोन निवृत्त गृहस्थ, एक बँकेतली बाई, एक वकील, बाकी असेच कामधंदा सांभाळून येणारे. सगळे मनापासून वाजवत. ऐकणाऱ्याची अडचण तीच होती. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. एके दिवशी डॉक्टर हातमोजे न काढताच जिना चढून वर आले.

"वहिनी, गैरसमज करून घेऊ नका," ते म्हणाले, "पण माझं मशीन आणि तुमचं व्हायोलिन एकाच सुरात आहे. मी अजून दाताला हात लावलेला नसतो, आणि पेशंट 'आई गं' करून उठून बसतो."

"माझीही तीच पंचाईत आहे, डॉक्टर," बायको शांतपणे म्हणाली. "तुमचं मशीन सुरू झालं की माझ्या वकिलांना वाटतं, मीच वाजवून दाखवतेय. ते वही काढून लिहून घेतात."

तक्रार सोसायटीकडे गेली. सोसायटीच्या सेक्रेटरींना तक्रार आवडायची. तक्रार आली की सभा घेता येते, सभा झाली की ठराव करता येतो, आणि ठराव झाला की तो टाइप करून फलकावर लावता येतो. फलकाची किल्ली त्यांच्याच खिशात असे. चार दिवसांत फलकावर लागलं: 'येत्या एक तारखेपासून कोणत्याही सदनिकेत वाद्यवादनाचे वर्ग घेता येणार नाहीत.'

बायकोने ते चष्मा लावून एकदा वाचलं, चष्मा काढून एकदा वाचलं, आणि घरी येऊन कणीक मळायला बसली. त्या दिवशीच्या पोळ्यांचं वजन कुठल्याही मानकात बसलं नसतं. जेवताना ती म्हणाली, "ठरावात सदनिका म्हटलंय. गॅरेज म्हटलेलं नाही."

आवाराच्या टोकाला, दवाखान्यापासून चांगलं लांब, निरीक्षकांचं स्वतःचं गॅरेज होतं. गॅरेजात मोटार होती. मोटारीखेरीज गॅरेजात जेमतेम निरीक्षक मावत, तेही पोट आत घेऊन.

"अकरा वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही," बायको म्हणाली. "आता मागतेय. नाहीतर ते नऊ जण पुलापलीकडच्या त्या माणसाकडे जातील, आणि तो व्हायोलिन हनुवटीखाली नाही, बगलेत धरतो."

निरीक्षकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "एक तारखेला गॅरेज रिकामं," ते म्हणाले. "शब्द दिला."

बायकोने उठून भिंतीवरच्या कॅलेंडरात एक तारखेभोवती लाल गोल काढला. निरीक्षकांना तो गोल जरा लंबवर्तुळाकार वाटला. पण ही वेळ नव्हती.

मोटार विकायची म्हणजे आधी जाहिरात. ती लिहायला बायकोचा भाऊ आला. मेहुण्याची कसली तरी एजन्सी होती. कसली ते एजन्सीलाही नीट माहीत नव्हतं. पण जाहिरात, ओळख आणि दुसऱ्याचा चहा या तीन गोष्टींत त्याचा हात कोणी धरत नसे.

"भावोजी, सोपं आहे," तो म्हणाला. "लिहा: 'शाही मोटार. एकदाच चालून येणारी संधी.' संपलं."

"तिच्यात त्रेचाळीस त्रुटी आहेत," निरीक्षक म्हणाले.

"असतील. जाहिरात म्हणजे कबुलीजबाब नव्हे."

इथे निरीक्षकांचं घोडं अडलं. त्यांच्या खात्यात एक शिस्त असते. कुठलंही वजन शंभर टक्के बरोबर नसतं. म्हणून तपासलेल्या वजनासोबत त्याची त्रुटी लिहून द्यायची असते. त्रुटी लिहिली की ते वजन प्रमाणित. लिहिली नाही की ती फसवणूक. एकतीस वर्षं त्यांनी हातातून एकही वस्तू त्रुटी लिहिल्याशिवाय सोडली नव्हती. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा त्यांनी व्याह्यांना तिच्या सात त्रुटींचा कागद दिला होता. लग्न झालं, ही गोष्ट निराळी. मुलगी अजून फोनवर आधी आईशी बोलते.

शेवटी जाहिरात छापून आली ती अशी:

'विकणे आहे. अमेरिकन बनावटीची आलिशान मोटार, सन १९३७. आठ सिलिंडर, चार दारे, रंग काळा. लांबी ५.६२ मीटर, वजन २१४० किलो (प्रत्यक्ष तपासलेले). मालकाने अकरा वर्षे खपून मूळ रूपात आणलेली. एकूण त्रुटी ४३. यादी जागेवर मिळेल.'

मेहुण्याने ती वाचली आणि निमूटपणे चहा मागितला. त्याने चहा मागणं नवीन नव्हतं. निमूटपणे मागणं नवीन होतं.

फोन आले. नाही असं नाही.

"ॲव्हरेज काय देते?"

"लिटरला सव्वातीन. चढावर अडीच."

"आणि उतारावर?"

"उतारावर मोजलेलं नाही. त्रुटी क्रमांक अकरा. ब्रेक."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज येई. निरीक्षकांना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांचं म्हणणं, माणसाला आधी सगळं सांगावं; मग जे टिकेल ते खरं गिऱ्हाईक. दहा दिवसांत कोणी टिकलं नाही.

जागेवर येणारेही होते. एका जोडप्याला मोटार विकत नको होती, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा होता. एका गृहस्थाला ती उपाहारगृहाच्या दारात ठेवून तिच्यात रोपं लावायची होती. त्याला निरीक्षकांनी फाटकापर्यंत सोबत केली आणि फाटक स्वतः लावून घेतलं. मग एक अत्यंत जाणकार माणूस आला. त्याने बसण्याची सोय पाहिली नाही, रंग पाहिला नाही, मोटारीभोवती एक फेरी मारून विचारलं, "वजनाचं काय म्हणालात?" निरीक्षक खुलले. तासभर दोघांची वजनावर चर्चा झाली: पोलादाचं किती, पितळेचं किती, काचेचं किती वजा करायचं. इतक्या वर्षांत असा तोलामोलाचा माणूस भेटला नव्हता. तो भंगारवाला होता, हे निघताना त्याने टेम्पो कुठे लावू असं विचारलं तेव्हा कळलं.

त्या दिवशी निरीक्षक जेवले नाहीत.

इमारतीतल्या सल्ल्यांना तर ऊत आला होता. सेक्रेटरी म्हणाले, "अर्धी विका. पुढचा भाग ठेवा, शोभेला." डॉक्टर म्हणाले, "काळ्या रंगाला उठाव नसतो. पांढरी करा. पांढऱ्यावर माणसाचा विश्वास बसतो, मी रोज बघतो." मेहुणा म्हणाला, "भावोजी, यादी फाडा." बायको कॅलेंडरावरचे दिवस खोडत होती. 

महिन्याचे बारा दिवस उरले असताना खरं गिऱ्हाईक आलं. त्याची चष्म्यांची चार दुकानं होती. तो मोटारीपाशी आला, स्वतःचा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग पुढच्या चाकावरच्या बाकदार पत्र्यावर त्याने उलटा हात हळुवार फिरवला. निरीक्षकांनी त्रेचाळीस त्रुटींची यादी पुढे केली. चष्मेवाल्याने ती शेवटपर्यंत वाचली.

"सत्तावीस नंबर काय आहे? 'डाव्या मागच्या दाराची मूठ मनाप्रमाणे वागते.'"

"तिच्या मनाप्रमाणे. आपल्या नव्हे."

"माझ्या घरी सगळंच तसं आहे," चष्मेवाला म्हणाला. "मला गाडी पसंत आहे. फक्त कागद माझ्या नावावर करून द्या. महिनाअखेरीस घेऊन जातो."

निरीक्षकांनी वर जाऊन बायकोला सांगितलं. तिने त्या दिवशी नऊही विद्यार्थ्यांना कळवलं, की एक तारखेपासून वर्ग गॅरेजात. मेहुण्याने पेढे मागवले आणि त्यातले बरेचसे खाल्ले.

आता राहिला फक्त कागद. या वाक्यातला 'फक्त' हा शब्द निरीक्षकांसारख्या सरकारी माणसाने वापरायला नको होता. पण आनंदात माणूस स्वतःचं खातं विसरतो.

वाहन नोंदणी कार्यालयात सात नंबरच्या खिडकीवर एक बाई बसायच्या. त्यांच्यापुढे नोंदणीचं जुनं पुस्तक, पुस्तकाशेजारी संगणक आणि संगणकावर लोकरीचं विणलेलं टोपडं. निरीक्षक मोटार घेऊनच गेले होते. ती बाहेर झाडाखाली उभी होती आणि तिच्याभोवती कार्यालयातले निम्मे कर्मचारी उभे होते, त्यामुळे काम नेहमीपेक्षा सावकाश चाललं होतं, आणि हे तिथे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"रंग?" बाईंनी विचारलं.

"काळा."

"पुस्तकात हिरवा आहे."

"मधल्या काळात कोणीतरी हिरवा फासला होता. मूळ काळाच. मी खरवडून मूळ काढला."

"शेरा आहे, 'वाहन बंद स्थितीत'. चालते?"

"चालते म्हणजे काय, चालवतच आलो!"

बाईंनी पुस्तक मिटलं. "मग ही ती गाडी नाही."

"हीच ती."

"पुस्तकात हिरवी बंद गाडी. बाहेर काळी चालू गाडी. तुम्हीच सांगा, दोन्हींत सारखं काय आहे?"

निरीक्षकांनी विचार केला. "मालक."

"मालक गाडीचा भाग नसतो," बाई म्हणाल्या. "असं करा. गाडी आधी पूर्वस्थितीत हजर करा. मग तपासणी. मग बदलाची परवानगी. मग बदल करा."

"म्हणजे हिरवी करून, बंद पाडून आणू?"

"बंद पाडल्यावर आणायची कशी, ते तुम्ही बघा."

निरीक्षक भांडले असते. पण त्यांना बावीस वर्षांपूर्वीचा एक वाणी आठवला. त्याने न विचारता तराजू दुरुस्त करून घेतला होता, आणि निरीक्षकांनी त्याला सांगितलं होतं, "आधी होता तसा बिघडवून आणा, मग दुरुस्तीची परवानगी देतो." तेव्हा वाण्याच्या तोंडाचा जो आ झाला होता, तो आज स्वतःच्या तोंडाला आतून कसा लागतो हे त्यांना कळलं. ते मुकाट्याने घरी आले.

दुसऱ्या खेपेला बाई जरा नरमल्या. इंजिनवरचा नंबर जुळला तर हीच ती गाडी असं मानू, म्हणाल्या. नंबर इंजिनच्या कडेला कोरलेला होता, आणि त्यावर निरीक्षकांनी स्वतःच्या हाताने सात थर रंग दिलेला होता. तपासनीस आला. खिशातून किल्ली काढली आणि कोणी गंजका डबा खरवडावा तसा खरवडू लागला. निरीक्षक तोंड फिरवून झाडाकडे पाहत उभे राहिले. सातव्या थराखाली नंबर निघाला. जुळला.

"झालं का मग?" निरीक्षकांनी विचारलं.

"झालंच," बाई म्हणाल्या. "परवा या. संगणकात चढवते."

परवा म्हणजे एकोणतीस तारीख. सोबत मेहुणाही होता. आज काम होणार आणि त्याचं श्रेय घ्यायला कोणीतरी हवं, म्हणून. बाईंनी टोपडं सरकवलं, रंग चढवला, नंबर चढवला, आणि वर्षावर येऊन थांबल्या.

"सदतीस नाही यात."

"नाही म्हणजे?"

"यादी एकोणीसशे पन्नासपासून सुरू होते. त्याच्या आधी संगणकात वर्षच नाहीत." बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "पन्नास टाकते. पाच मिनिटांत कागद हातात."

मेहुणा उडालाच. "टाका! बाई, टाका! भावोजी, तेरा वर्षांनी तरुण होतेय. असं भाग्य माणसांना मिळत नाही."

त्याने तिथूनच चष्मेवाल्याला फोन लावला. चष्मेवाला म्हणाला, मला पन्नास चालेल, पंचावन्नही चालेल, फक्त या महिन्यात द्या. पुढच्या महिन्यापासून माझी बायको घरी आहे.

सगळ्यांना चालत होतं. बाईंचं बोट कळीवर होतं. आणि निरीक्षकांच्या पोटातून एकतीस वर्षांची नोकरी वर आली.

"तेरा वर्षांची त्रुटी," ते म्हणाले. "आम्ही तेरा ग्रॅमला दुकानं बंद केली आहेत."

"भावोजी, ताईला शब्द दिलाय तुम्ही."

"खोट्या मापावर सही करणार नाही."

"अहो, माप कसलं, वर्ष आहे ते!"

"काळाचं माप आहे."

रांगेतले लोक पुढे सरकून ऐकू लागले. बाईंनी बोट काढून घेतलं. पन्नास घ्यायचं नाही आणि सदतीस यंत्रात नाही. पण अर्ज उघडलेला होता, आणि उघडलेला अर्ज निकाल लावल्याशिवाय बंद होत नाही. नियमाप्रमाणे उरलेला एकच निकाल त्यांनी छापला, शिक्का मारला आणि खिडकीतून बाहेर सरकवला: 'सदर क्रमांकाचे वाहन अस्तित्वात आढळून आले नाही. जुनी नोंद रद्द.'

निरीक्षक अस्तित्वात नसलेल्या वाहनात बसून घरी निघाले. मेहुणा बसने गेला.

भर चौकात त्रुटी क्रमांक सोळा उद्भवली. ही इंजिन तापण्याबाबत होती. मोटारीने पांढऱ्या वाफेचा एक सुस्कारा सोडला आणि चारही बाजूंची वाहतूक अडवून ती थांबली. वाहतूक पोलीस वही उघडत आला. त्याने नंबर लिहिला, हातातल्या यंत्रात घातला, पुन्हा घातला.

"या नंबरची गाडीच नाही."

"माहीत आहे," निरीक्षकांनी कागद दाखवला.

पोलिसाने कागद वाचला, मोटारीकडे पाहिलं, मागे भोंगे वाजवणाऱ्या रांगेकडे पाहिलं. "नसलेल्या गाडीला दंड करता येत नाही हो," तो अगदी दुःखाने म्हणाला. "ढकला."

चौकातल्या सात माणसांनी आणि सत्तर सल्ल्यांनी मोटार ढकलत आणली. ती आवारात शिरून बरोबर दवाखान्याच्या दारात रुतली, तेव्हा डॉक्टरांनी खुर्चीवरच्या रुग्णासकट सगळ्यांना हात लावायला बोलावलं. रुग्णाच्या तोंडात कापूस होता, म्हणून ढकलणाऱ्यांत तेवढाच एक जण सल्ला न देता ढकलत होता. मोटार गॅरेजात जाऊन पूर्ववत बसली. सगळे हात झटकत पांगले.

बायको गॅलरीत उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. निरीक्षक वर आले आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. पन्नासची गोष्टही सांगितली. तीच लपवायला हवी होती.

"किती वर्षांचा फरक होता?"

"तेरा."

"आणि माझी वीस वर्षं?"

निरीक्षकांनी चाकाची टोपी शोधण्यासाठी सिंककडे नजर टाकली. टोपी तिथे नव्हती. 

"नऊ माणसांना बोलावून बसलेय मी," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हे वाईट लक्षण होतं. "आता एकेकाला फोन करून सांगायचं, की माझ्या नवऱ्याने गाडीचं वय खोटं सांगितलं नाही, म्हणून तुम्ही बगलेत व्हायोलिन धरायला शिका."

तिने भिंतीवरून व्हायोलिनची पेटी काढली, चप्पल घातली आणि जिना उतरली. निरीक्षक मागोमाग गेले. ती थेट गॅरेजात शिरली, मागचं डावं दार ओढलं. मूठ या वेळी निमूट फिरली. तिलाही प्रसंगाचं गांभीर्य समजलं असावं.

"बघू दे तरी, कसल्या सिंहासनापायी माझा वर्ग गेला," असं म्हणून ती मागच्या बैठकीवर जाऊन बसली, आणि तिने दार धाडकन ओढून घेतलं.

तेव्हा निरीक्षकांच्या ध्यानात आलं, की अकरा वर्षांत ती या मोटारीत पहिल्यांदाच बसत होती. त्यांनी तिला कधी बस म्हटलंच नव्हतं. त्रुटी क्रमांक एकोणीस दूर झाल्यावर म्हणायचं, असं मनात होतं. एकोणीस म्हणजे मागच्या बैठकीची एक स्प्रिंग.

ते बाहेर, पोट आत घेऊन उभे राहिले. आत बायकोने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि गज उचलला. तो तारांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सपासप फिरू लागला. तिचे केस सुटले, खांदे हलायला लागले. आणि आवाज काही नाही. निरीक्षकांना वाटलं, संतापाच्या भरात ती हवेतच गज चालवतेय. त्यांना भीती वाटली. त्यांनी काचेवर टकटक केलं. तिचं लक्ष नव्हतं.

इतक्यात दवाखाना बंद करून डॉक्टर आले. मोटार ढकलताना त्यांचं पेन कुठेतरी पडलं होतं, ते शोधत.

"वहिनी काय करताहेत?"

"कळत नाही," निरीक्षक घाबऱ्या आवाजात म्हणाले. "पाच मिनिटं झाली."

"वाजवताहेत?"

"वाजवल्यासारखं करताहेत."

डॉक्टरांनी काचेला कान लावला. मग दुसरा कान लावला. मग, दात तपासणाऱ्याच्या सवयीने, दाराला बोटाने दोनदा ठोकून पाहिलं. निरीक्षकांनी मूठ फिरवून दार चार बोटं उघडलं.

त्या फटीतून असा काही सूर बाहेर आला, की डॉक्टर मागे सरून भिंतीला लागले आणि वर झाडावरची पाखरं उडाली. निरीक्षकांनी दार लावलं. शांतता. उघडलं. सूर. लावलं. शांतता. त्यांनी हे सहा वेळा केलं; तपासणीत सहा नोंदी घ्यायच्या असतात. सातव्या वेळी बायकोने आतून दार उघडून विचारलं, "वारा घालताय का मला?"

लोकरी नमद्याचे चार थर. तीनही चालले असते, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. जाहिरातीत त्रेचाळीस त्रुटी होत्या. हा गुण कुठेच लिहिलेला नव्हता, कारण गुण लिहायची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती.

बायको बाहेर आली नाही. तिने बैठकीवरून हात फिरवला, ड्रायव्हरच्या पाठीची काच सरकवून पाहिली, छताकडे पाहून गज पूर्ण वर नेला. लागत नव्हता. "एक जण माझ्यासमोर बसू शकतो," ती स्वतःशीच म्हणाली. "वकिलांना जरा तिरकं बसावं लागेल." मग निरीक्षकांकडे पाहून म्हणाली, "ती टोचतेय ती स्प्रिंग कधी काढणार आहात?"

"एक तारखेच्या आत," निरीक्षक म्हणाले. "शब्द देतो."

"शब्द राहू दे. पक्कड आणा."

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, सेक्रेटरी नियमावली घेऊन आले. नियम नऊ: वाहन ठेवलेल्या गॅरेजाचा अन्य उपयोग करता येणार नाही. निरीक्षकांनी आतून शिक्क्याचा कागद आणून दिला. सेक्रेटरींनी तो उभ्याउभ्याच वाचला, मग खुर्ची मागून बसून वाचला. वाहन अस्तित्वात नाही, असं सरकार म्हणत होतं. सरकारच्या वर जायला त्यांचा फलक लहान पडत होता.

"मग आत हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच ठरवा," बायको म्हणाली. तिने पेढे पुढे केले. चष्मेवाल्याच्या वेळचे चार उरले होते.

वाहन नसेल तर घरगुती सामानाचा नमुना भरावा लागतो. त्या नमुन्यात छापील चार प्रकार होते: पलंग, टेबल, कपाट, इतर. 'इतर'ला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते आणि सभा तीन महिन्यांनी होती. सेक्रेटरींनी गॅरेजात जाऊन चारही दारं उघडून पाहिली, लावून पाहिली, आणि टेबलापाशी येऊन पेनाचं टोपण काढलं. घरगुती सामान ठेवलेल्या गॅरेजात बसून कोणी व्हायोलिन वाजवू नये, असा नियम नव्हता.

वर्ग एक तारखेला सुरू झाला. दारं लावून आत चाळीस मिनिटांच्या वर कोणाला बसवत नाही. बायकोच्या मते चाळीस मिनिटांच्या वर कोणी शिकतही नाही. डॉक्टरांचे रुग्ण आता मशीन सुरू झाल्यावरच ओरडतात.

सोसायटीच्या नोंदवहीत, गॅरेज क्रमांक तीनच्या पानावर, अकरा वर्षांच्या कामाची नोंद आहे ती अशी: 'कपाट, काळे, चार दारांचे, एक नग. वजन २१४० किलो.' वजनाचा आकडा निरीक्षकांनी स्वतः तपासून लिहायला लावला. तो बरोबर आहे.